फुटपाथवरच्या आठ खुर्च्या

गल्ल्याशेजारी निळ्या पुठ्ठ्याची एक वही असते. मार्च २०२० पासून, म्हणजे कोरोनाची साथ आली तेव्हापासून, तिच्या प्रत्येक पानावर मी मधोमध उभी रेघ मारत आले आहे. डावीकडे 'म्हणाले', उजवीकडे 'लागू'. सरकार कुठल्या दिवशी काय म्हणालं ते डावीकडे, आणि ती गोष्ट कायदा होऊन कधी आली ते उजवीकडे. या दोन रकान्यांमध्ये कधी दोन दिवस असतात, कधी सत्तावीस. त्या मधल्या दिवसांत दुकान कसं चालवायचं, हा आमच्यासारख्यांचा खरा प्रश्न होता.

आमचं इंग्लंडमध्ये, मिडलंड्समधल्या एका लहान बाजारगावात रेस्टॉरंट आहे. नवरा किचन सांभाळतो, कागदपत्रं माझ्याकडे. दुकानाबाहेरच्या फुटपाथवर चार टेबलं मांडून तिथे जेवण आणि बिअर-वाइन देण्याची परवानगी आम्ही २०२० मध्ये काढली. पुढच्या वर्षाची २०२१ मध्ये हातात आली. मधल्या काही महिन्यांत तिघा-चौघांनी फोन करून 'तुम्ही नेमकं काय केलंत' असं विचारलं, म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं एकदाच लिहून ठेवते आहे.

सुरुवात १६ मार्च २०२० च्या सोमवारपासून करावी लागेल. त्या संध्याकाळी पंतप्रधान म्हणाले, पब, थिएटर असल्या ठिकाणी जाणं टाळा. बंद करा, असं मात्र कुणी सांगितलं नाही. पुढच्या तासाभरात शनिवारची सगळी बुकिंगं रद्द झाली. दुकान उघडं, दिवे लागलेले, तंदूर तापलेला आणि आत कुणी नाही. बंदच करायला सांगितलं असतं तर निदान विमा कंपनीशी काय बोलायचं ते कळलं असतं. शुक्रवारी, २० तारखेला, 'आज रात्रीच बंद करा' असं जाहीर झालं आणि त्याचा कायदा शनिवारी दुपारी २ वाजता लागू झाला. किचनमधले दोघं बांगलादेशातल्या सिल्हेटचे आहेत. त्यांना मी रात्री ग्रुपवर साध्या शब्दांत लिहून कळवायचे. त्या आठवड्यात चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा आदल्या दिवशीचं बदलून. पाचव्या वेळी लिहायला बसले तेव्हा वही उघडली आणि रेघ मारली.

मधले तीन महिने पार्सलवर काढले. वेटर आणि एक आचारी फर्लोवर होते, म्हणजे पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, सरकारकडून. ती योजना सांगितली तशी आली आणि वेळेवर आली. त्या एका गोष्टीबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

२३ जूनला जाहीर झालं की ४ जुलैपासून आत बसवून जेवण देता येईल. दोनच दिवसांनी, २५ जूनला, संसदेत नवं विधेयक आलं आणि बातम्यांत ऐकलं की फुटपाथवर टेबलं मांडणं आता सोपं होणार, स्वस्त होणार. आमच्या दुकानात नेहमी अडतीस माणसं बसतात. अंतर ठेवून मांडल्यावर अठरा बसत होती. बाहेर आठ जरी बसली तरी महिन्याचं भाडं निघेल, असा हिशोब मी त्याच रात्री मांडला.

आणि ३ जुलैच्या रात्री काय झालं ते लिहायलाच हवं, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं होतं आणि ज्या नियमांखाली उघडायचं ते नियम त्या दिवशी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाले. मी रात्री ते वाचायला बसले. मार्गदर्शक सूचनांची पानं वेगळी आणि कायद्याची पानं वेगळी, हे मला तोवर माहीतच नव्हतं. सूचनांमध्ये दोन प्रकारची वाक्यं असतात. एकात 'मस्ट' असतं, म्हणजे ते कायद्यात आहे. दुसऱ्यात 'शुड' असतं, म्हणजे तसं करावं अशी अपेक्षा आहे. टीव्हीवर मंत्री बोलतात तेव्हा हा फरक ऐकू येत नाही, सगळं एकाच सुरात येतं. ज्याला दुकान चालवायचं आहे त्याला तो कळायलाच हवा. तुम्ही असल्या कुठल्याही कामात पडणार असाल तर सरकारी कायद्यांची जी वेबसाइट आहे, लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके, तिथे जाऊन मूळ कायदाच वाचा. भाषा वाटते तितकी अवघड नाही. दुसऱ्यांदा वाचलं की उलगडते.

४ जुलैनंतर आमच्या रस्त्यावर दोघा-तिघांनी लगेच टेबलं बाहेर काढली. नवरा म्हणाला, "अगं, सगळे मांडतायत. आपणच का थांबलोय?" मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी सरळ सांगितलं, "कायदा अजून यायचाय. तो आला की आम्ही फॉर्म ठेवू." मी वहीत डावीकडे २५ जून लिहिलं आणि उजवीकडची जागा रिकामी सोडली. ती भरली २२ जुलैला. 'बिझनेस अँड प्लॅनिंग ॲक्ट २०२०' त्या दिवशी मंजूर झाला. हेच ते सत्तावीस दिवस. जुलैतली चांगली उन्हं त्यात गेली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक तिच्यातच चुकतात. बाहेर टेबल मांडणं आणि बाहेरच्या टेबलावर दारू देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी पेव्हमेंट लायसन्स लागतं, कारण फुटपाथ हा सार्वजनिक रस्त्याचा भाग. दुसऱ्यासाठी तुमचं दारूचं लायसन्स, म्हणजे प्रिमायसेस लायसन्स, काय म्हणतं ते बघावं लागतं. आमचं २०१६ मधलं. त्यासोबत दुकानाचा नकाशा जोडलेला आहे आणि त्यावर लाल रेघेने हद्द आखलेली. ती लाल रेघ आमच्या उंबरठ्यावर संपते. तिच्या आत दिलेली दारू 'ऑन', बाहेर गेली की 'ऑफ'. आमच्याकडे फक्त 'ऑन' होतं. म्हणजे दारापासून तीन फुटांवर बसलेल्या गिऱ्हाइकाला बिअर देणं हे कायद्याच्या दृष्टीने बाटली घरी नेऊ देण्यासारखंच. एरवी ते बदलून घ्यायचं तर लायसन्समध्ये दुरुस्तीचा पूर्ण अर्ज करा, फिक्या निळ्या कागदावरची नोटीस २८ दिवस दारावर लावा, स्थानिक पेपरात जाहिरात द्या, अशी सगळी वरात. नव्या कायद्याने त्यातून सुटका केली. ज्यांच्याकडे 'ऑन' होतं त्यांना 'ऑफ' तेव्हापुरतं आपोआप मिळालं, रात्री ११ पर्यंत. आधीच्या तीन वर्षांत कौन्सिलने ज्यांना 'ऑफ' नाकारलेलं होतं त्यांना मात्र नाही. त्याच कायद्यातली ही तरतूद मला टीव्हीवर एकदाही ऐकू आली नाही. कायदा वाचताना सापडली. गावातल्या दोन पबवाल्यांना मी फोन करून सांगितली, तेव्हा एकजण निळी नोटीस छापायलाच निघाला होता.

आता अर्ज. फी तेव्हा जास्तीत जास्त १०० पौंड होती, त्यापेक्षा जास्त कौन्सिलला घेता येत नव्हती. आमच्या कौन्सिलने पूर्ण १०० घेतले. अर्ज केल्याच्या दिवशीच दुकानावर नोटीस लावायची. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून सात दिवस लोकांच्या हरकतींसाठी होते, त्यानंतरचे सात दिवस कौन्सिलच्या निर्णयासाठी. तेवढ्यात कौन्सिलने काहीच कळवलं नाही तर लायसन्स मिळालं असं समजायचं. जुन्या कायद्याखाली नुसत्या हरकतींसाठीच २८ दिवस ठेवत, त्या मानाने हे खरंच सोपं होतं.

मी २७ जुलैच्या सोमवारी अर्ज केला. शुक्रवारी ईमेल आला, अर्ज अपुरा आहे. दोन कारणं होती. नकाशावर मापं नव्हती आणि विम्याचा कागद जोडलेला नव्हता. मी नकाशा हाताने काढला होता, टेबलांचे चौकोन आणि फुटपाथची रेघ एवढाच. चार दिवस फुकट गेले आणि दारावरची नोटीस काढावी लागली. मला रडू आलं त्या दिवशी. कागदासाठी नाही. तीन दिवसांनी ती अर्ध्या किमतीत जेवणाची सरकारी योजना सुरू होणार होती. ऑगस्टभर सोमवार ते बुधवार, माणशी १० पौंडांपर्यंतची सूट सरकार भरणार, लोक रांगा लावून येणार, आणि आमच्याकडे त्यांना बसवायला जागा नाही.

पण ज्या लायसनिंग ऑफिसरांनी अर्ज परत पाठवला, त्यांनीच ईमेलखाली चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहिल्या होत्या. मापं कुठून कुठे घ्यायची, विमा किती रकमेचा हवा, आणि फी पुन्हा भरू नका. अख्ख्या दीड वर्षात सरकारकडून मला आलेला तो सगळ्यात स्पष्ट निरोप. मी तो छापून वहीत चिकटवला आहे.

१ ऑगस्टला, शनिवारी, सकाळी सहाला आम्ही दोघं मेजरिंग टेप घेऊन बाहेर उतरलो. भिंतीपासून फुटपाथच्या काठापर्यंत ३.४० मीटर. मी खूश झाले. चालणाऱ्यांसाठी १.५ मीटर मोकळं ठेवायचं होतं, म्हणजे आम्हाला १.९ उरणार. मग नवरा दिव्याच्या खांबाजवळ जाऊन उभा राहिला. खांब काठापासून ४५ सेंटिमीटर आत होता. चालणारा माणूस खांबातून जाऊ शकत नाही, म्हणजे माप काठापासून न घेता खांबापासून घ्यायला हवं. राहिले १.४५. मग मी खुर्ची टेबलाला लावून मोजलं तर बसत होतं. नवरा म्हणाला, "आता बस." मी बसले. माणूस बसल्यावर खुर्ची हातभर मागे जाते. माप घ्यायचं ते बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत. चौघांची टेबलं त्या क्षणी बाद झाली. दोघांची चार टेबलं, भिंतीला समांतर, खुर्च्या आजूबाजूला, समोर कुणी नाही. अशा आठ खुर्च्या बसल्या. हे सगळं आलेखाच्या कागदावर, एक सेंटिमीटरला अर्धा मीटर या प्रमाणात काढलं. खांब, गटाराचं झाकण, शेजारच्या दुकानाचं दार, रस्ता ओलांडायच्या जागी असलेली उंचवट्याची फरशी, सगळं दाखवलं. तुम्ही नकाशा काढाल तेव्हा या चार गोष्टी विसरू नका.

विमा कंपनीने बाहेरची जागा पॉलिसीत घ्यायला ३८ पौंड घेतले. ५० लाख पौंडांपर्यंतचं संरक्षण कौन्सिलला हवं होतं, ते पॉलिसीत आधीपासूनच होतं. मी त्यांना फोनवर 'फुटपाथवर दारूही देणार' असं मुद्दाम सांगितलं आणि ते लेखी मागून घेतलं. तुम्हीही घ्या.

३ ऑगस्टला दुसरा अर्ज केला आणि नोटीस पुन्हा काचेवर चिकटवली. आतल्या बाजूने, अक्षरं रस्त्याकडे, म्हणजे पावसाने भिजायला नको. रोज सकाळी तिचा फोटो काढायचे. नोटीस सातही दिवस जागेवर होती याचा पुरावा कुणी मागितला तर असावा म्हणून. कुणी मागितला नाही, पण काढून ठेवणं बरं.

त्या सात दिवसांत किती माणसं नोटिशीसमोर थांबली ते मी गल्ल्यावरून बघत होते. फार थोडी. बहुतेकजण मेनू समजून वाचायला यायचे आणि पहिल्या ओळीनंतर पुढे जायचे.

१० ऑगस्टला, शेवटच्या दिवशी, एक हरकत आली. ऑफिसरांनी ती मला पाठवली. लिहिणारे गृहस्थ वयस्कर होते, त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की तुमची नोटीस काचेवर आहे हे मला शेजारणीकडून कळलं, मी स्वतः ती वाचू शकत नाही. पंचवीस वर्षं मी त्या फुटपाथवरून भिंतीच्या कडेने जातो. भिंत हीच माझी वाट आहे, आणि तिथेच तुम्ही टेबलं मांडणार आहात.

मी तो ईमेल दोनदा वाचला आणि मला आमच्याच अर्जाची लाज वाटली. १.५ मीटर मोकळी जागा ठेवली की झालं, असं मी धरून चालले होते. त्यांना भिंतच लागते, हे माझ्या नकाशात कुठेही नव्हतं. ऑफिसरांमार्फत विचारलं, तुम्ही येऊन आम्हाला दाखवाल का? बुधवारी सकाळी ते आले, पांढरी काठी घेऊन, मास्क लावून. नवऱ्याने एक टेबल आणि छत्री बाहेर मांडून ठेवली होती. ते म्हणाले, "मी चालतो, तुम्ही फक्त बघा."

काठी डावी-उजवी करत ते आले. काठीचं टोक टेबलाखालून सरळ आत गेलं. पायाला लागलंच नाही, कारण टेबलाचा पाय मधोमध एकच होता. पुढच्या पावलाला टेबलाची कड त्यांच्या पोटात बसली. मी धावले, त्यांनी हात वर केला, "थांबा, अजून एक आहे." ते वळून दुसऱ्या बाजूने आले आणि छत्रीची कड त्यांच्या कपाळाजवळ येऊन थांबली. बोटभर अंतर राहिलं होतं.

मग त्यांनी काय हवं ते सांगितलं. टेबलांच्या दोन्ही टोकांना आणि रस्त्याच्या बाजूला सलग कठडा हवा. खांबांना दोरी बांधून केलेला चालणार नाही, कारण काठी दोरीखालून जाते. कठड्याची खालची पट्टी जमिनीपासून वीतभराच्या आत, म्हणजे काठी तिला आपटते आणि आवाज येतो. ज्यांना थोडं अंधुक दिसतं त्यांच्यासाठी वरची पट्टी गडद-फिकट रंगात. छत्री कठड्याच्या बाहेर येता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कठडा रोज त्याच जागी. "एकदा कळलं की ती माझी नवी भिंत. पण ती रोज हलली तर मी हरवतो."

त्याच दुपारी कठडे शोधले. कॅन्व्हासचे मिळाले असते १४० ला. खालची पट्टी असलेले २४० ला मिळाले. ते घेतले. दुकानाच्या दारालगत फरशीवर रंगाच्या चार खुणा केल्या, कठड्याचा कोपरा रोज तिथेच ठेवायचा. सुधारलेला नकाशा गुरुवारी पाठवला आणि शुक्रवारी, १४ ऑगस्टला, लायसन्स आलं. मुदत ३० सप्टेंबर २०२१. अटी अशा: रात्री ९ नंतर बाहेर कुणी नाही, सगळं फर्निचर रोज आत, ग्लास प्लॅस्टिकचे, आणि दोन टेबलं धूम्रपानमुक्त, बाकीच्यांपासून शक्यतो २ मीटर लांब. धूम्रपानाची अट कायद्यातलीच आहे, सगळ्यांना लागते. आम्ही चारही टेबलं धूम्रपानमुक्त करून टाकली, प्रश्नच मिटला. एकूण खर्च: फी १००, विमा ३८, कठडा २४०, जुनी टेबलं-खुर्च्या १६०. म्हणजे ५३८ पौंड.

सप्टेंबरपासून वहीची पानं भराभर भरू लागली. १४ सप्टेंबरला सहाचा नियम, म्हणजे सहापेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. २२ ला म्हणाले, २४ पासून रात्री १० ला बंद, टेबलावरच ऑर्डर, स्टाफला मास्क. ३१ ऑक्टोबरला, शनिवारी, दुसरा लॉकडाउन जाहीर झाला. त्या रात्रीच्या सूचनांत होतं की दारू पार्सलनेही देता येणार नाही. मी बिअरची ऑर्डर रद्द केली. मंगळवारी कायदा आला तेव्हा त्यात फोनवर किंवा ऑनलाइन आधी मागवलेली दारू नेता येत होती. ऑर्डर परत लावायला गेले तर त्या आठवड्याची गाडी भरली होती. सूचना ऐकून कृती केली आणि कायदा वेगळाच निघाला, असं माझ्या वहीत एकूण तीनदा झालं आहे. तेव्हापासून पैसे गुंतवायचे असतील तर मी उजवा रकाना भरल्याशिवाय फोन उचलत नाही.

२ डिसेंबरला मिडलंड्सचा बराचसा भाग तिसऱ्या टिअरमध्ये, म्हणजे निर्बंधांच्या तीन पायऱ्यांतल्या सगळ्यात कडक पायरीत, गेला, आमचा जिल्हा दुसऱ्यात राहिला. म्हणजे दारू द्यायची तर भरपेट जेवणाबरोबरच. भरपेट म्हणजे काय, हे त्या आठवड्यात मंत्र्यांनाच विचारलं जात होतं. ३० नोव्हेंबरला एक मंत्री म्हणाले, एक स्कॉच एग, म्हणजे खिम्यात गुंडाळून तळलेलं अंडं, चालेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मंत्र्यांनी आधी ते स्टार्टर ठरवलं आणि मग जेवण म्हणून मान्य केलं. आमच्याकडे लोक विचारायचे, दोन समोशांवर पाइंटभर बिअर मिळेल का? कायद्यात लिहिलं होतं की दुपारचं किंवा रात्रीचं मुख्य जेवण म्हणून, किंवा त्यातला मुख्य पदार्थ म्हणून जे दिलं जाईल ते. मी मेनूवर मुख्य पदार्थांसमोर हिरवा ठिपका लावला. ठिपका असेल तर बिअर मिळेल. समोशांवरून दोन गिऱ्हाइकं रागावून गेली. दोघांनीही टीव्हीवर मंत्र्याला ऐकलेलं होतं, त्यांचं काय चुकलं?

त्याच डिसेंबरात त्या आठ खुर्च्यांचा खरा उपयोग मला कळला. दुसऱ्या टिअरमध्ये वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी आत एकत्र बसायचं नाही, बाहेर सहा जणांपर्यंत चालेल. एका संध्याकाळी सत्तरीच्या दोघी बहिणी आल्या. दोघी एकेकट्या राहणाऱ्या. बाहेर पाच अंश. दोन ब्लँकेटं, दोन थाळ्या आणि दोन छोट्या रेड वाइन. मार्चनंतर पहिल्यांदाच एका टेबलावर जेवत होत्या. बोलत फारशा नव्हत्या. मोठीने वरणाची वाटी दोन्ही हातांत धरून ठेवली होती, ऊब जाऊ नये म्हणून. नवऱ्याने ती तीनदा गरम भरून दिली.

नाताळानंतर टिअर चढलं आणि ४ जानेवारीला तिसरा लॉकडाउन जाहीर झाला. या वेळी पार्सलनेही दारू नाही. ते दिवस गेले एवढंच लिहिते.

२२ फेब्रुवारी २०२१ ला पुढचा सगळा आराखडा एकदम सांगितला. १२ एप्रिलच्या आधी नाही, पण तेव्हा बाहेर बसवता येईल. जेवणाची सक्ती नाही, वेळेची बंदी नाही. आत बसवणं १७ मेच्या आधी नाही. आणि खरोखर त्याच तारखांना झालं. सात आठवडे आधी तारीख कळली की माणूस कामाला लागतो, स्टाफला बोलावतो, माल सांगतो. हेच आधीच्या वर्षी का जमलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पाच आठवडे फक्त बाहेरच्या आठ खुर्च्यांवर धंदा. वाऱ्यासाठी वर कापडी छप्पर आणि तिन्ही बाजूंना पारदर्शक पडदे लावायचं नवऱ्याच्या मनात होतं. मी आधी नियम पाहिला. छप्पर असेल तर भिंतींचा निदान निम्मा भाग उघडा हवा, नाहीतर ती जागा 'आतली' धरली जाते. हा नियम जुनाच, धूम्रपानबंदीच्या कायद्यातला. पडदे परत केले, छत्र्या राहू दिल्या. १२ एप्रिलला सकाळी इंग्लंडच्या काही भागांत बर्फ पडला. आमच्याकडे नुसती थंडी होती, आणि दुपारी बारा ते रात्री नऊ एकही खुर्ची रिकामी नव्हती. एप्रिलअखेरीस रिस्टार्ट ग्रँटचे, म्हणजे धंदा पुन्हा सुरू करायला मिळालेल्या सरकारी मदतीचे, ८,००० पौंड आले. रेटेबल व्हॅल्यू, म्हणजे करासाठी धरलेलं जागेचं वार्षिक मूल्य, १५,००० पौंडांपर्यंत असलेल्या दुकानांना तेवढेच होते. अर्ज कौन्सिलकडेच करायचा होता.

२१ जूनला उरलेले निर्बंध उठायचे होते, ते १९ जुलैवर गेलं, आणि जुलैतच पेव्हमेंट लायसन्सच्या कायद्याला ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली. पण जुनं लायसन्स आपोआप वाढत नव्हतं, नवा अर्ज करावा लागत होता. आमच्या रस्त्यावरच्या दोघांना हे माहीत नव्हतं, म्हणून ठळकपणे सांगते: तुमच्या कागदावरची तारीख बघा.

२६ जुलैला, सोमवारी, मी नवी नोटीस छापली. या वेळी चिकटवण्याआधी त्या गृहस्थांना फोन केला. अकराच्या सुमारास ते आले, काठी कठड्याच्या खालच्या पट्टीवर टकटक करत दारापर्यंत. मी उंबरठ्यावर उभी राहून पूर्ण नोटीस वाचून दाखवली. दुकानाचं नाव, टेबलं किती, वेळ काय, हरकत कुठे आणि कधीपर्यंत.

"तारीख परत सांगा."

"२ ऑगस्ट."

त्यांनी बोटांवर सात दिवस मोजले. मग म्हणाले, "कचऱ्याचे डबे गुरुवारी कठड्याच्या पलीकडच्या टोकाला असतात. माझी काठी त्यात अडकते. ते तुमचे का?"

आमचेच होते. मी आत जाऊन नकाशावर डब्यांची जागा मागच्या गल्लीत दाखवली, सुधारलेली प्रत कौन्सिलला पाठवली आणि बाहेर येऊन त्यांना तेही वाचून दाखवलं. मग नोटीस काचेवर लावली.